हळदीचं पहिलं गाणं

गादीवाल्याच्या दुकानावरून गेलं की नव्या फोमचा वास येतो आणि मला मरोळचा तो रेकॉर्डिंगचा गाळा आठवतो, भिंतींना सगळीकडे फोम चिकटवलेला, पंखा बंद, आणि माझी आठ महिन्यांची पोरगी कडेवर घामाने चिंब. माझं पहिलं गाणं होतं, हळदीचं, मी आठवीपर्यंतच शिकलेली, धुणं धुता धुता केलेलं. काचेपलीकडे गाणारी मुलगी दोनदा अडकली, मग म्हणाली, "ताई, मी श्वास कुठे घेऊ गं?" म्युझिक करणारा दादा हसला, "हिने एका ओळीत अख्खं वऱ्हाड कोंबलंय." खरंच होतं ते, आमच्याकडे हळदीच्या गाण्यात कुणाचं नाव राहिलं तर वर्षभर रुसवा, म्हणून मी आत्या, काकी, मामी, मावशी सगळ्यांना घातलेलं. "दहा मिनिटं देतो, नाहीतर बाहेर बसलेत त्यांचं गाणं घेतो," दादा म्हणाला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले, पोरगी रडतेय, कुणाला काढू, काकीला काढलं, मामीला काढलं, शेवटी नवरीची आई तेवढी ठेवली आणि आत जाऊन गाणारीला आईच्या आधी श्वासाला जरा थांबायला सांगितलं. मुलगी न अडकता गायली. दादाने हेडफोन काढला, "चालेल. सोमवारी दुसरं घेऊन ये." मी लगेच हो म्हटलं. आता पोरगी शाळेत जाते, गाणीही बरीच झाली, पण कुणी पुढचं गाणं मागितलं की अजून मी आधी हो म्हणते आणि मग धुणं भिजवून शब्द शोधत बसते, त्या दिवशी हो म्हटलं तेव्हाही माझ्याकडे दुसरं गाणंच नव्हतं.