रेडिओवाल्याची केबल

वायर जोडण्याआधी तो एक बोट ओठांवर ठेवायचा, दुसरं कानावर, आणि म्हणायचा, "याचं तोंड त्याच्या कानाला, त्याचं तोंड याच्या कानाला. मंग भांडण नाई, सर."

बोथ गावच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पोट उघडून ठेवलेले रेडिओ आणि त्यांच्यामागे हा. तुमच्याही गावात असा एखादा असेलच, उघडून बघितल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या शाळेत सरकारी दोन कॉम्प्युटर आले. टीव्हीला जोडून चालवायचे, घरगुती धाटणीचे. प्रोग्राम कॅसेटवरून भरायचे. एकाचा टेपरेकॉर्डर बिघडला आणि त्या मशीनमध्ये प्रोग्राम भरता येईना. मागे वायर जोडायला सिरियल पोर्ट होता, त्यातून एका मशीनमधलं दुसऱ्यात पाठवता येतं असं पुस्तकात होतं. केबल मात्र कुणी पाठवली नव्हती. दहा दिवसांचं ट्रेनिंग घेऊन 'कॉम्प्युटर सर' झालेला मी, पुस्तक काखेत मारून त्याच्याकडे गेलो. इंग्रजी त्याला येत नव्हतं, आकृती येत होती. दोन दिवसांत त्यानं तीन वायरींची केबल करून दिली. मी इकडे नाव टाइप केलं, तिकडच्या टीव्हीवर उमटलं. तो खुर्चीवरून उठूनच उभा राहिला.

हेडमास्तर म्हणाले, "परवा जिल्ह्याचे साहेब येतायत. त्यांना हे दाखवू आणि याला लॅब असिस्टंट म्हणून घ्यायची मंजुरी मागू." साहेब आले त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता.

साहेबांसमोर मी कळ दाबली. पलीकडच्या टीव्हीवर नुसती वेड्यावाकड्या चिन्हांची रांगोळी. पुन्हा दाबली, तेच. माझे कान तापले आणि तोंडातून निघून गेलं, "केबल लोकल आहे साहेब. या रेडिओवाल्यानं केलीय."

"काल तं चालून राह्यली होती, सर," तो हळूच म्हणाला.

साहेब हेडमास्तरांना हिंदीत म्हणाले, "सरकारी मशीन को रेडियोवाले का हाथ क्यों लगाया?" मंजुरीचा कागद पुढे करायची हिंमत हेडमास्तरांना झाली नाही.

साहेबांची जीप गेल्यावर मला दिसलं. सकाळी प्रयोग म्हणून मी एका मशीनचा अक्षरं पाठवायचा वेग बाराशेवरून तीनशे केला होता आणि परत बदलायला विसरलो होतो. दोन्हीकडे वेग सारखा लागतो, नाहीतर अक्षरं फुटतात. वेग की-बोर्डवरून ठरतो, ते काम माझं. मी तो गुपचूप सारखा केला. अक्षरं सुरळीत आली. मी कुणालाही सांगितलं नाही. इतका नालायकपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नसेल, असं म्हणायची सोय नाही. केला.

तीन वर्षांनी माझी बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला दुकानात गेलो. चहा मागवून त्यानं विचारलं, "सर, एक सांगा. माह्या केबलमधी काय चुकलं होतं? काऊन नाई चालली त्या दिवशी? मी लई डोकं लावून पाह्यलं."

चहा संपेपर्यंत वेळ होता. मी म्हणालो, "जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे."

तो वारल्याचं मला उशिरा कळलं. घरच्यांना भेटायला गेलो तर दुकानात त्याचा भाऊ बसला होता. भिंतीवर खिळ्याला चार केबली टांगलेल्या. "त्या तुमच्या शाळेच्या," भाऊ म्हणाला. "चूक शोधासाठी पुन्ना पुन्ना करून पाहे."

मी एकेक हातात घेऊन वायरी तपासल्या. चारही बरोबर होत्या.