जाळ्यावर मोजलेली कळ

रेवदंड्याच्या माझ्या दवाखान्यात मूळव्याधीचा रोगी कधी ‘मूळव्याध’ म्हणून आलाच नाही. पोट बिघडलंय, कंबर धरलीय, असं काहीबाही सांगत तो दारातच उभा राही. ‘बसा’ म्हटलं की कळायचं! मी तेव्हा तरुण होतो आणि स्वतः खललेल्या मायफळ-अफूच्या मलमावर माझा भारी जीव. कुणाला किती उतार पडतो ते वहीत टिपायचं ठरवलं. आठवड्याभरात वही ‘बरं आहे’ने भरली. मी खूश.

मग एक दिवस होडी चालवणाऱ्या एका तांडेलाची बायको सुक्या मासळीची टोपली दारात आपटून आत आली.

“आमच्या घरधन्याचं काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं, “बरं आहे.”

“कपाळ बरं! मानूस उभ्यानं जेवतोय. तुमाला वाईट वाटंल म्हून व्हय म्हनतो.”

नारळीपौर्णिमेला होड्या सुटणार होत्या. तोवर सुकाणूपाशी तासन्‌तास बसता आलं नाही, तर होडी धाकट्या भावाकडे जाणार, आणि तांडेलकी एकदा गेली की गेलीच. मला माझीच चीड आली. सगळी वही नुसती भिडेपोटी भरलेली!

“मग बाई, त्याची कळ मी मोजू तरी कशी?” मी वैतागूनच विचारलं.

“जालं विनायला बसवा. उठला की किती विनलं ते बगा. जालं खोटं बोलत न्हाय.”

पावसाळाच होता. होड्या वर ओढलेल्या, घरोघरी जाळी विणणं चाललेलं. एक आठवडा नुसतं मलम दिलं. तीन ओळी झाल्या की तांडेल ओठ चावत उठे. दुसऱ्या आठवड्यात मलम बंद. परसाकडे जाऊन आलं की कोमट पाण्यात बसायचं. त्यासाठी आमच्या घरचं तांब्याचं घंगाळ दिलं, आणि ते परत मागायची माझ्या आईची पुढे कधी छाती झाली नाही. ओळी वाढल्या. अहो, दुपटीच्या वर गेल्या! साध्या पाण्याने माझ्या मलमाची चांगलीच जिरवली. मग दोन्ही एकत्र दिलं, तिखट कालवण तोडलं. इतरांनाही तसंच मोजू लागलो. बायकांना तर मी एकच विचारी, जात्यावर दळण किती झालं?

नारळीपौर्णिमेला नारळ वाहून झाले, होड्या पाण्यात गेल्या. मी बंदरावर उभा होतो, शेजारी तांडेलाची बायको. तांडेल सुकाणूपाशी बसला. खाडीच्या तोंडाशी होडी हेलकावली तसा तो अर्धवट उठला. कळ आली वाटून मी दोन पावलं पुढे झालो. पण शिडाची दोरी सोडवून तो पुन्हा खाली बसला, नीट मांडी घालून.

होडी लहान होईपर्यंत तिने नजर हलवली नाही. मग पदराने डोळे पुसले आणि माझ्यावरच खेकसली, “बगत काय बसलाव? आता लिवा, बरं हाय!”