आमच्या घराण्याच्या डोळ्यांचा तक्ता

माझे वडील दारू प्यायला लागलेत, हे मला पहिल्यांदा सांगितलं ते दूध सोसायटीच्या चेअरमननी.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून, सोसायटीने चारा छावणी घातली होती. आसपासच्या गावांतली माणसं गुरं घेऊन तिथे पालं ठोकून राहिली होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सोसायटीत दूध घ्यायच्या कामावर होते. सकाळ-संध्याकाळ छावणीतच दूध मापायचे आणि कॅनमध्ये ओतायचे. मी बीडला कॉलेजात शिकत होते आणि सुट्टीला घरी आले होते.

"पोरी, तू शिकलेली हायस म्हणून तुला सांगतो," चेअरमन म्हणाले. "काल सांजच्याला तुझ्या बापानं भरल्या कॅनला लाथ मारली. मागं एका म्हातारीच्या अंगावर गेला. लोक म्हणतेत, दिवस मावळला की हा घेतो."

माझा विश्वास बसला. आज लाज वाटते, पण बसला. मी कडब्याच्या गंजीत हात घालून बाटली शोधली. अण्णांचा सदरा नाकाशी धरला, त्याला फक्त दुधाचा आंबूस वास होता. मग मी त्यांच्यावर पाळत ठेवली. उन्हं उतरली की ते पाय टाकण्याआधी चपलेने जमीन चाचपायचे. जेवताना ताटाशेजारचा तांब्या त्यांना सापडायचा नाही, हात ताटाच्या कडेने फिरवत न्यायचे. एकदा मी मुद्दाम त्यांच्या वाटेत, जरा बाजूला, स्टूल ठेवलं. त्यांची नडगी सडकून निघाली.

"ही काय ठेवायची जागा हाय का?" ते ओरडले. आईने पटकन स्टूल उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कळलं, हिला सगळं माहीत आहे.

मी तिला चुलीपाशी गाठलं. "अण्णांना दिसत न्हाई ना?"

"अंधारात जरा कमी दिसतं. तू कुठं बोलू नको."

"कावून?"

"तुझं जमतंय म्हणून."

माझं जमत होतं ते आत्याच्या मुलाशी. आत्या म्हणजे अण्णांची एकुलती एक बहीण, गेवराईजवळच्या खेड्यात दिलेली. मामाची मुलगी करणं आमच्यात रीतीचंच, आईसुद्धा अण्णांच्या मामाचीच मुलगी. आत्याचा मुलगा गेवराईत पाइपांच्या दुकानात कामाला होता. लहानपणी आम्ही एकत्र खेळलो होतो, मला तो आवडायचाही. एकच गोष्ट मला खटकत होती. पाण्यापायी लोक लग्नं पुढे ढकलत होते, आणि आत्या मात्र याच उन्हाळ्यात उरकून टाकू म्हणत होती.

त्याच दिवसांत छावणीत डोळ्यांची गाडी आली. एका शहरातल्या दवाखान्याचे डॉक्टर खेड्यापाड्यांत डोळ्याच्या पडद्याच्या आजारांवर संशोधन करत होते. इथे पाच-दहा गावांची माणसं एका जागी सापडत होती, म्हणून ते आले. येण्याआधीच बोलवा पसरली. थेंब टाकून अर्धा दिवस आंधळं करतेत, डोळ्याच्या आतली छबी काढतेत, रक्त नेऊन इकतेत. लोकांची भीती मोडावी म्हणून चेअरमननी सोसायटीच्या नोकरांना आधी तपासून घ्यायला लावलं. त्यामुळे अण्णांना टाळता आलं नाही. आई आणि मी बरोबर गेलो.

डॉक्टर एक बाई होत्या. त्यांनी अण्णांच्या डोळ्यांत थेंब टाकले, उजेड पाडून बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचं बोट कानाच्या बाजूने हळूहळू पुढे आणत म्हणाल्या, "समोर बघा. बोट दिसलं की सांगा." बोट जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा अण्णा म्हणाले, "दिसलं."

"आईवडील नात्यातले होते का?"

"व्हय."

"आणि या?"

"मामाची पोरगी."

बाईंनी कागदावर चौकोन आणि गोल काढले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, नात्यातल्या लग्नाला दोन रेघा. अण्णांचा चौकोन त्यांनी शाईने भरून काळा केला. "भावाबहिणींत कुणाला असा त्रास?"

"न्हाई. एकच बहीण हाय. तिचे डोळे चांगले हायेत."

अण्णांनी हे फार घाईने सांगितलं. बाईंचं पेन थोडा वेळ थांबलं. मलाही ते टोचलं.

मग त्यांनी समजावलं. हा पडद्याचा आजार जन्मानेच येतो. पडदा कडेकडेने निकामी होत जातो, त्यावर अजून औषध नाही. पण अण्णांच्या पडद्याच्या मधोमध सूज होती, ती गोळ्यांनी आणि थेंबांनी उतरू शकते. "बरं होईल असं मी म्हणत नाही. मधली नजर जितकी टिकेल तितकी टिकवायची." आणि संशोधनासाठी त्यांना रक्त हवं होतं. त्याचा संमतीचा कागद त्यांनी पुढे केला.

"बरं व्हत न्हाई म्हणता, मग गोळ्या कशाला?" आई म्हणाली. "रक्त कशाला? आमच्यावर करून बघायचंय व्हय? अन हा कागद गावभर फिरला तर माझी पोरगी कोण करील?" तिने कागद हिसकला, घडी करून कमरेला खोचला आणि उठली. थेंबांमुळे अण्णांना काहीच दिसत नव्हतं. सगळ्या छावणीसमोर ते तिचा दंड धरून चालत गेले.

मलाही त्या बाईंचा भरवसा वाटत नव्हता. फुकट औषध देणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आईने घरी आल्यावर तो कागद डब्यामागे ठेवला होता; ती टँकरवर पाण्याला गेली तेव्हा मी तो काढून वाचला आणि माझ्याकडेच ठेवला. रक्त दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार होतं. डोळ्यांची आणि चेहऱ्याची छायाचित्रं छापली जाऊ शकत होती. आणि खाली, अगदी बारीक अक्षरांत, लिहिलं होतं की रक्त दिलं नाही तरी उपचार मिळतील. ती ओळ मी तीनदा वाचली. हे आम्हाला तोंडाने कुणीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता मी एसटीने आत्याकडे गेले. दुपार होती. दार उघडं होतं, मी आत जाऊन भिंतीशी उभी राहिले. आत्या आतून आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावरून सरळ पुढे निघून गेली. माझी बांगडी वाजली तशी ती दचकली.

"कोण हाय?"

"मी हाय, आत्या. तुला दिसतं का गं?"

ती भडकली. "तुझ्या आईनं धाडलं व्हय मला बघायला?"

"आईला ठाऊकच न्हाई मी आलेली."

ती खाली बसली. मग म्हणाली, "तुझ्या बापाला अन मला, दोघांनाबी हाय ते. ल्हानपणी सांजच्याला आमी एकमेकांचा हात धरून घरी यायचो. दिसायचं एकालाबी न्हाई." बोलता बोलता तिला हसू आलं. "परकी सून मला आंधळी म्हणून टोचंल. तू न्हाई टोचणार, तुझा बापच तसा हाय."

म्हणजे बहीणभावांना सगळं ठाऊक होतं. आईला वाटत होतं आपण नणंदेपासून लपवतोय. आत्याला वाटत होतं आपण भावजयीपासून लपवतोय. आणि या सगळ्यात लग्न माझं होणार होतं.

तिथून मी सरळ छावणीत डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी तक्ता काढला, आत्याचा गोल काढून काळा केला. त्याखाली मी आणि तिचा मुलगा, अशी दोन पांढरी चित्रं काढली. आम्ही दोघंही तो दोष आत बाळगून आहोत, म्हणाल्या, आम्हाला त्रास नाही. पण आमची मुलं झाली तर प्रत्येक वेळी आजाराची चारात एक अशी शक्यता. "लग्न करू नका असं मी सांगणार नाही. पण माहीत नसताना करू नका."

मी कागदातली बारीक ओळ त्यांच्यापुढे धरली. "रक्त न देता औषध मिळतं, हे तुम्ही आईला का सांगितलं नाही?"

त्यांचा चेहरा उतरला. "रांग मोठी होती," म्हणाल्या, आणि मग, "नाही, सांगायलाच हवं होतं. चुकलं माझं." त्या उठून माझ्याबरोबर घरी आल्या, आईसमोर जमिनीवर बसल्या आणि ते सांगितलं. चेहऱ्याच्या छायाचित्राची ओळ खोडून त्यावर सही केली. नावाच्या जागी नंबर कसा घालतात, तेही दाखवलं.

आईचं समाधान झालं नाही. तिने गोळ्या ठेवून घेतल्या, पण पारख स्वतःची लावली. रोज सकाळी अंगणात अण्णांच्या हातात सुई आणि दोरा द्यायची. पहिला महिना त्यांना जमलं नाही, आणि ती रोज डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायची. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी दोरा आत गेला. तिने सुई काढून घेतली, उजेडाकडे धरून बघितली, पुन्हा ओवायला लावली. पुन्हा गेला. त्यानंतर तिने शिव्या देणं बंद केलं, एवढंच.

रक्त बीडच्या दवाखान्यात घेणार होते. अण्णा द्यायला तयार झाले, आणि मी सांगितल्यावर आत्याही बीडला आली. दवाखान्याच्या व्हरांड्यात नणंद-भावजय समोरासमोर आल्या.

"वन्सं, तुमी मला सांगितलं न्हाई," आई म्हणाली.

"तू तरी कुठं सांगितलंस?"

त्यानंतर वर्षभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. लग्न मी मोडलं. आत्याच्या मुलाला मी स्वतः भेटून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "डोळ्यांचं निमित्त करतीस. बीडात कुणीतरी हाय तुझं." कुणी नव्हतं. पण नसलेलं माणूस दाखवायचं कसं?

चेअरमननी डॉक्टरांची चिठ्ठी सभासदांसमोर मोठ्याने वाचली आणि अण्णांना फक्त सकाळचं दूध मापायचं काम दिलं. तरी मागे बसलेला एकजण म्हणालाच, "चिठ्ठी काय, कुणीबी लिहून देतंय."

अण्णांची मधली नजर बरीच वर्षं टिकली. पेपर ते ओळीवर बोट ठेवून वाचायचे. प्रयोगशाळेला आमच्या घराण्यातला दोष सापडला. तशाच एका दुसऱ्या दोषावर उपचार निघालाय, पण तो आमच्यावर चालत नाही, असं बाईंनी फोन करून कळवलं. मी परक्या घरात लग्न केलं. मुलं झाल्यावर मीही त्यांना घरातले दिवे घालवून चेंडू शोधायला लावायची, आणि त्यांना तो खेळ वाटायचा.

मागच्या वर्षी तपासणीच्या रांगेत आत्याचा मुलगा भेटला. दोन मुलांना घेऊन आला होता, बायको नात्याबाहेरची. मुलांचे डोळे चांगले निघाले. चहा घेताना त्याने विचारलं, "तवा खरंच डोळ्यांमुळंच मोडलंस का?"

"व्हय," मी म्हणाले.

त्याने मान हलवली आणि मुलांना हाक मारली. त्याला ते पटलं का, मला सांगता यायचं नाही.