शिक्का गिऱ्हाइकाकडे

पासंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. तराजूची दोन पारडी रिकामी असताना सारखी राहावीत म्हणून हलक्या पारड्याला जो खडा किंवा शिशाचा तुकडा अडकवतात, तो पासंग. असा तुकडा नको तिथे दडवलेला सापडला की या गृहस्थांचे डोळे लकाकायचे, म्हणून बाजारपेठेनं त्यांना हे नाव ठेवलं. बत्तीस वर्षं ते वजनमापांचे निरीक्षक होते. एका हातात पितळी वजनांची पेटी, बगलेत नोंदवही आणि पायात अजिबात न वाजणारे बूट. ते पेठेच्या या टोकाला दिसले की त्या टोकापर्यंतची पारडी आपोआप सरळ व्हायची. काय तो प्रवेश! एक शब्द न बोलता अख्खी पेठ गप्प करणारा माणूस पुन्हा बघायला मिळाला नाही.

ते निवृत्त झाले, त्यांचा संशय मात्र नोकरीतच राहिला. बिस्किटांचा पुडा घरी आला की आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर चढायचा आणि मग बशीत उतरायचा. दवाखान्यात वजन करायला उभं केलं, तर हे नर्सलाच विचारायचे, "हा काटा शेवटचा कधी तपासलाय?"

"आमच्याकडे पहिल्यांदा आले ना," त्यांची बायको सांगायची, "तेव्हा चहाचा कप हातात घेऊन वर-खाली करत बसले होते. मला वाटलं, हा माणूस कप पळवतो की काय!"

तर अशा माणसाच्या मोटारीतून एक दिवस आवाज यायला लागला.

मोटार जुनी होती, दौतीतल्या शाईच्या रंगाची. वळण घेतलं की पुढून कुठूनतरी 'टक्' व्हायचं आणि खड्ड्यात चाक गेलं की हाडं मोजून घ्यावीत असा हादरा बसायचा. एरवी त्यांनी तो सोसला असता. पण तीन महिन्यांपूर्वी बायकोच्या पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, हादरा बसता कामा नये. त्यातच त्या सोमवारी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. बहिणीची नजर झपाट्यानं जात होती. येत्या मंगळवारी डोळ्यांचं ऑपरेशन होतं, पण त्यानंतर दिसेलच याची हमी कुणी देत नव्हतं.

"दिसतंय तोवर एकदा तुझं तोंड दाखवून जा गं," ताई म्हणाली होती.

जायचं ठरलं रविवारी. चार तासांचा रस्ता, आणि मोटार ही अशी.

बुधवारी पासंगराव नाक्यावरच्या गॅरेजात गेले. गॅरेजवाला मोटारीखाली आडवा झाला, विजेरी मारली आणि लगेच बाहेर आला. हे त्यांना पहिलं खटकलं. इतक्या लवकर निदान?

"काका, पुढची डावी स्प्रिंग तुटलीय. खालचं वेटोळंच गेलंय. दोन्ही बदलू."

"तुटली किती?"

"एक."

"मग बदलायच्या दोन का?"

"जोडीनं बदलतात, काका. दुसरीही तेवढीच दमलेली असते. एक नवी, एक जुनी घातली तर गाडी तिरकी बसते."

पासंगरावांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. ते रुंद कपाळ, ते कानापाशी वळलेले केस. कुठंतरी पाहिलेलं होतं.

"तुझे वडील किराणा दुकानदार ना? पेठेत, कोपऱ्यावर?"

"हो," गॅरेजवाला हसला. "तुम्हीच सील केलं होतंत दुकान. आठ दिवस."

झालं! पासंगरावांनी किल्ली घेतली आणि तडक घर गाठलं.

"सूड आहे हा," ते बायकोला म्हणाले. "पंचवीस वर्षांपूर्वी याच्या बापाच्या तराजूखालून मी शिसं काढलं होतं. आता हा माझ्या गाडीखालून काय काढेल?"

"काढायचं कशाला? घालायचं म्हणतोय ना तो?"

"तेच तर! मीच बदलणार स्प्रिंगा. घरी."

"तुम्ही? तुम्हाला सायकलचं पंक्चर तरी काढता येतं का?"

"पंक्चर काढणाऱ्यावर नजर ठेवता येते. बत्तीस वर्षं तेच केलंय."

गुरुवारी सुट्या भागांच्या दुकानातून त्यांनी दोन स्प्रिंगा आणल्या, शिवाय स्प्रिंग दाबून धरायचे दोन लोखंडी शिकंजे भाड्यानं आणले. घरी येताच स्प्रिंगा काट्यावर ठेवल्या आणि त्यांचे डोळे कित्येक वर्षांनी लकाकले. एक दुसरीपेक्षा तब्बल शंभर ग्रॅमनं जड! जेवण तसंच टाकून ते उलट पावली दुकानात. दुकानदारानं कपाळाला हात लावला.

"अहो साहेब, ड्रायव्हरच्या बाजूची जरा ताठच असते. म्हणून तर रंगाच्या पट्ट्या असतात. ही दोन पट्ट्यांची ड्रायव्हरकडे, एका पट्टीची पलीकडे."

"हे लिहून द्या."

दुकानदारानं लिहून दिलं. त्यांनी सही घेतली. शिक्काही मागितला, तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, शिक्का बायकोनं कपाटात ठेवलाय," आणि आत निघून गेला.

शुक्रवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. बायको पाठीला पट्टा बांधून पायरीवरच्या खुर्चीत बसली होती. पासंगरावांनी मोटार जॅकवर उचलली, जॅकवर विश्वास नव्हता म्हणून खाली स्टँड लावले, स्टँडवर विश्वास नव्हता म्हणून शेजारी लाकडाचे ठोकळे रचले, आणि काढलेलं चाकही मोटारीखाली सरकवून ठेवलं. वेळ फार गेला, पण खरं सांगायचं तर यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. मोटारीखाली शिरणाऱ्यानं इतकं संशयी असावंच.

खालचे दोन बोल्ट गंजले होते. त्यांना तेल पाजलं, पान्याच्या टोकाला लांब नळी लावली आणि पासंगराव तिच्यावर जवळजवळ लोंबकळले. कड्कन आवाज झाला.

"तुटलं?" बायकोनं विचारलं.

"सुटलं."

"तुम्ही की बोल्ट?"

मग बॉनेटखालचे तीन नट काढल्यावर शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि त्याला वेढून बसलेली स्प्रिंग असा सगळा संसार एकत्र हातात आला. बघतात तर खालचं वेटोळं खरंच तुटलेलं. गॅरेजवाला खोटं बोलला नव्हता. "एवढ्यानं काही सिद्ध होत नाही," ते पुटपुटले. उजवी काढली, फूटपट्टी लावली. तुटलेली नव्हती, पण नवीपेक्षा दोन बोटं खुजी भरली. त्यांनी फूटपट्टी उलटी करून बाजूला ठेवली, आणि बायकोनंही आकडा विचारला नाही. संसारात इतकी दया असावी लागते.

खरी परीक्षा पुढंच होती. स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय वरचा नट काढायचा नसतो. काढला तर ती सुटते आणि समोर जे असेल ते घेऊन जाते. समोरासमोर दोन शिकंजे लावायचे आणि थोडं याचं, थोडं त्याचं असं करत आवळायचं. एका बाजूला जास्त झालं की स्प्रिंग वाकडी होऊन निसटणार. इथं मात्र हा माणूस जन्मभर ज्यासाठी तयार झाला होता ते काम त्याला मिळालं. दोन फेरे इकडे, दोन फेरे तिकडे. प्रत्येक वेळी डोळा बारीक करून बघणं, जणू पारड्याचा काटा मध्यावर आलाय की नाही. कपाळावरून घाम ओघळत होता, पण फेऱ्यांची मोजणी एकदाही चुकली नाही.

मध्येच पाणी प्यायला ते आत गेले, तेव्हा बायको कधीतरी उठून आत आली होती आणि फोनवर हळू आवाजात बोलत होती. "उद्या दुपारी... हो, पण त्यांना कळता कामा नये." यांना बघताच तिनं फोन ठेवला.

"कोण होतं?"

"चुकीचा नंबर."

"चुकीच्या नंबरला उद्या दुपारी बोलावलंस?"

"तुम्ही स्प्रिंगा बघा."

पासंगराव परत बाहेर आले, पण आता मोटारीपेक्षा घराचाच संशय जास्त झाला होता. टॅक्सी ठरवली असणार हिनं. आपल्या हातच्या मोटारीत बसायचंच नाही हिला! पेठेनं नाव ठेवलं तेव्हाही त्यांना इतकं लागलं नव्हतं.

शनिवारी दुपारपर्यंत दोन्ही बाजू बसल्या, चाकं चढली, मोटार जमिनीवर आली. त्यांनी दार उघडलं, अदबीनं हात केला.

"या बाईसाहेब. एक चक्कर मारू."

बायको खुर्चीतच बसून राहिली.

"नाही बसणार मी."

"का?"

"एक सांगा. दरवर्षी तुम्ही ती वजनांची पेटी घेऊन दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जायचात. तीन तास जाणं, तीन तास येणं. का?"

"म्हणजे काय? आपली वजनंही तपासून घ्यावी लागतात. झिजतात ती."

"मग घरीच का नाही मारलात शिक्का? शिक्का तर तुमच्याकडेच होता."

आपल्या वजनावर आपणच शिक्का मारायचा नसतो, हा खात्यातला पहिला नियम. रुजू झालेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनीच तो शिकवला होता.

"ताईला बघायचंय मला," बायको म्हणाली. "वाटेत पाठ पुन्हा गेली, तर मी दवाखान्यात आणि ती तिकडे अंधारात. तुमच्यावर भरवसा नाही असं नाही हो. पण कुणीतरी बघू दे."

"कुणीही चालेल," ते म्हणाले. "तो सोडून."

आणि नेमका त्याच क्षणी फाटकाची कडी वाजली. नाटकातही इतकं वेळेवर कुणी येत नाही. गॅरेजवाला आत आला. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात पिवळ्या रंगाचा छोटा डबा.

"चुकीचा नंबर आला," पासंगराव म्हणाले.

गॅरेजवाला वाकला. पासंगराव कंबरेवर हात ठेवून त्याच्या डोक्याशी उभे राहिले आणि त्याच्या बोटांवरची नजर काढेनात. कुठला पाना खिशातून निघतो, कुठला नट हळूच सैल होतो, सगळं बघत होते. पंचवीस वर्षांपूर्वी एक किराणा दुकानदार असाच कुणाच्या तरी डोक्याशी उभा होता.

"उजवी बाजू झकास," खालून आवाज आला. "डावी... डावी बसलेली नाहीये, काका."

"वाटलंच मला!" पासंगराव बायकोकडे वळले. "ऐकलंस? आता काढेल एकेक."

गॅरेजवाला चिडला नाही. बाहेर सरकला आणि म्हणाला, "माझं नका ऐकू. तुमचं बोट घाला."

पासंगराव गुडघ्यांवर बसले. स्प्रिंगचं खालचं टोक एका वाटीसारख्या बैठकीत बसतं, तिला एक खाच असते, टोक त्या खाचेला टेकलं पाहिजे. त्यांनी आत बोट घातलं. टोक आणि खाच यांच्या मध्ये त्यांचं बोट सहज मावलं. तेच बोट, पंचवीस वर्षांपूर्वी तराजूखाली गेलेलं.

"पहिल्या मोठ्या खड्ड्यात धाडकन सरकली असती," गॅरेजवाला म्हणाला. "पण काका, उजवी इतकी सुरेख बसवलीत, मग डावीच कशी चुकली?"

पासंगरावांनी बोट बाहेर काढून रुमालाला पुसलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "रंगाची पट्टी आतल्या बाजूला जात होती. उजवीची आपोआप बाहेर आली. डावीची दिसेना, म्हणून जरा फिरवून घेतली."

"पट्टी कशाला दिसायला हवी?"

"तराजूवरचा शिक्का नेहमी गिऱ्हाइकाकडे असावा लागतो."

आधी बायकोला हसू फुटलं. पाठीला पट्टा असल्यामुळे तिला नीट हसताही येईना, ती एका हातानं पाठ धरून हसत होती. मग गॅरेजवाला हसला. पासंगराव मात्र गंभीर होते, कारण त्यांना आत्ता कुठे कळलं होतं की आपण बायकोला कशात बसवायला निघालो होतो.

"घे," त्यांनी पाना पुढं केला. "तूच कर नीट."

"नको. मी हात लावला तर रात्रभर झोप नाही येणार तुम्हाला. तुम्ही करा, मी बसतो." आणि तो खरंच पायरीवर बसला. चहा आला. पासंगरावांनी चाक पुन्हा काढलं, सगळं पुन्हा उतरवलं, शिकंजे पुन्हा लावले. दोन फेरे इकडे, दोन तिकडे. या वेळी पट्टी आत गेली. ती तशी दिसेनाशी होताना त्यांच्या जिवाला काय वाटलं असेल ते त्यांनाच ठाऊक.

काम संपल्यावर गॅरेजवाल्यानं प्रत्येक नट स्वतः पान्यानं एकदा ओढून पाहिला आणि नट आणि बोल्ट दोन्हींवरून जाईल अशी पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली.

"हे काय?"

"आमचा शिक्का. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. लगेच कळतं."

पासंगराव त्या रेघेकडे बघत राहिले. मग विचारलं, "वडील काय म्हणायचे माझ्याबद्दल?"

"शिव्या द्यायचे. चांगले आठ दिवस." गॅरेजवाला रंगाचा डबा बंद करून उठला. "नंतर म्हणायचे, शिसं मीच लावलं होतं, त्यानं फक्त काढलं. आणि गंमत म्हणजे, तुमचं सील निघाल्यावर लोक काट्याकडे बघेनासे झाले. म्हणायचे, पासंगरावांनी तपासलंय."

रविवारी पहाटेच निघायचं होतं, तरी सूर्य वर येईपर्यंत पासंगराव विजेरी घेऊन मोटारीभोवती फिरत होते. शेवटी बायको स्वतःच येऊन आत बसली. मांडीवर उशी घेतली, पट्टा घट्ट केला आणि म्हणाली, "चला."

पहिला गतिरोधक आला. त्यांनी मोटार इतकी हळू केली की मागून एक सायकलवाला घंटी वाजवत पुढं गेला. मोटार वर गेली, खाली आली. 'टक्' नाही. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता? रस्ता बघा."

दुसऱ्या तासाला तिला डोळा लागला. त्यानंतर पासंगरावांनी रेडिओ बंद केला आणि उरलेला सगळा रस्ता नुसता कान देऊन कापला.

ताई फाटकापाशी उभी होती, डोळ्यांवर हाताची सावली धरून. बायको हळूहळू उतरली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. ताईनं मान इकडून तिकडून कलती केली, अगदी जवळ आली.

"जाड झालीस गं," ती म्हणाली.

"दिसतंय!" बायको ओरडली आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडायलाच लागल्या.

पासंगराव मोटारीपाशीच राहिले. त्यांनी विजेरी काढली, डाव्या चाकापाशी वाकले आणि आत पाहिलं. पिवळी रेघ अखंड होती. ते उठले, गुडघे झटकले, उजव्या चाकाकडे दोन पावलं गेलेही. मग थांबले, विजेरी खिशात टाकली आणि बायकोची उशी काखोटीला मारून घरात गेले.