कणाला शेजार असतो

प्रयोगशाळेत आल्यावर रुपाली कोळेकर आधी संगणक लावायची नाही. खिडकीपाशी एका लाकडी पाटावर तिनं शाळेच्या पेटीतली असतात तसली बेचाळीस छोटी होकायंत्रं एकमेकांना खेटून मांडली होती. कोपऱ्यातल्या एकापाशी ती चुंबकाचा तुकडा न्यायची. ती सुई वळली की शेजारची थरथरायची, मग तिच्या शेजारची. पाटभर कुजबुज पसरायची. ती शांत झाली की मग रुपाली खुर्चीत बसायची. चार वर्षं रोज हेच.

हार्ड डिस्कवरचा थर असल्याच चुंबकी कणांचा असतो, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. कुणी वर तोंड करून उभा, कुणी खाली. आपले फोटो, सातबारे सगळे त्यांच्या भरवशावर. रुपाली ते कण गणितानं संगणकात उभे करी आणि बाहेरून जोर लावला की कोण कधी उलटतो ते पाही.

मार्च सरत आला तेव्हा तिचे मार्गदर्शक विरेश हत्तुरे सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"रुपाली, शेजारी काढून टाक. प्रत्येक कण एकटा धर. चाळीस मिनिटांत आलेख हातात. या महिन्यात प्रबंध दिलास तर कुर्डुवाडीच्या कॉलेजातली जागा तुझी."

"आणि मोजमापाशी जुळला नाही तर, सर?"

"शेजारी धरून तरी कुठं जुळतोय? तुझे सगळे कण एका क्षणी उलटतात. आणि माझ्या पेपरात एकटेच कण होते. कुणी काही विचारलं नाही."

"कुणी विचारलं नाही म्हणून ते एकटे होत नाहीत, सर."

सर हसले. "धनगराची पोर ती. हट्टाला कमी कशी पडेल!"

"हट्ट नाही सर. रोज बघते, म्हणून बोलते."

पण सरांचं एक खरं होतं. तिचे कण खरंच एका झटक्यात उलटत होते, आणि खऱ्या डिस्कवर मोजलेली रेषा मात्र उतारानं खाली यायची. संध्याकाळी आबांचा फोन आला. तिचे वडील येडू कोळेकर तेव्हा माळशिरसच्या बाजूला कळप घेऊन होते. मागून मेंढरांचा आवाज येत होता.

"आबा, माझ्या संगणकातल्या कळपात एक वळलं की समदी एकदम वळत्यात. खऱ्यात तसं होत न्हाय."

"एकदम? मेंढरं हायत का मिलिट्री?" आबा खोकले. "आय-लेकरू चिकटून चालतंय. बाजारातनं नवं आणलेलं मेंढरू म्हैनाभर हातभर लांबच ऱ्हातंय की. तू काय समद्यांला एकाच दोरीनं बांधलंस व्हय?"

रुपालीनं फोन कानाशी धरूनच वही उघडली. व्हय, तसंच बांधलं होतं तिनं. कणांच्या प्रत्येक जोडीला एकच आकडा. कुणाच्या मधे फट किती, कोण खेटून, कोण सुटा, याचा विचारच केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येक जोडीला वेगळी फट दिली. गणित लांबलं. संगणकानं सांगितलं, अकरा दिवस.

"अकरा दिवसांनी त्या जागेची मुदत संपलेली असेल," सर म्हणाले. "कुर्डुवाडीवाले थांबायचे नाहीत."

"माहितेय सर."

"आणि तरी चुकलं तर?"

"तर चुकलेलं, पण माझं असेल. एकटे कण धरून बरोबर आलेलं मी देणार नाही."

मुदत संपली. कुर्डुवाडीच्या जागेवर दुसरं कुणी गेलं, हेही तिला कळलं. त्या दिवशी तिनं पाटावरची धूळ पुसली आणि सुया हलवल्या, इतकंच.

बाराव्या दिवशी सकाळी पडद्यावर नवी रेषा मोजलेल्या रेषेवर उतारासकट टेकली. वरच्या टोकाला थोडी सुटलेली होती. रुपालीनं ते टोक लपवलं नाही, उलट तिथं खूण केली. सर बराच वेळ वाकून पाहत राहिले. एकदा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे टोक?" त्यांनी विचारलं.

"ते अजून कळलेलं नाही. कळेपर्यंत सहा महिने लागतील." तिनं प्रबंधाच्या मुदतवाढीचा अर्ज त्यांच्यापुढं सरकवला.

"म्हणजे माझा जुना पेपर चुकीचा म्हणायचा."

"अपुरा म्हणू, सर."

त्यांनी खिशातून पेन काढलं. ती अर्जाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं सही करा. आणि तारीख टाका, मागच्या वेळी राहिली होती."