करवंदीच्या वळणापर्यंत

माझा नवरा चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत पेंट शॉपला आहे. झगझगीत ट्यूबलाइटखाली उभं राहून नव्या गाडीच्या पत्र्यावर ओरखडा शोधायचा, हे त्याचं काम. शिफ्ट संपली तरी त्याची नजर काही संपत नाही. पोळीवरचा डाग, लिफ्टमधला चरा, माझ्या आवाजातला चढ, सगळं त्याला दिसतं.

अशा माणसाने चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्हची छोटी एसयूव्ही घेतली. पिंपळे सौदागरच्या ट्रॅफिकमध्ये चार चाकांची ओढ कशाला हवी, असं मी विचारलं. तर म्हणाला, "तुझ्या आईंना त्यांच्या देवीला नेता येईल."

आई आमच्याकडेच राहते. तिचं माहेर महाळुंग्याच्या पलीकडे, कारखान्यांच्या भिंती संपतात तिथून डोंगराच्या बाजूला. गावाची चांदीच्या डोळ्यांची देवी वर पठारावर, खडकाच्या कपारीत. लहान असताना आई तिथे पळत जायची. गुडघे गेले आणि जाणं सुटलं. वरपर्यंत कच्चा रस्ता आहे, ट्रॅक्टर आरामात जातो. "एकदा ओटी भरायची हाय, मग काय बी मागणं न्हाई," एवढंच ती म्हणायची. गाडी आली तेव्हा आई काठी टेकत का होईना, हिंडती-फिरती होती. म्हणूनच माझा संताप अजून जात नाही.

पहिल्यांदा निघालो तेव्हा आई मागच्या सीटवर, मांडीवर खण, नारळ आणि तांदळाची पिशवी. कच्चा रस्ता लागला. नवऱ्याने बटण दाबलं आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी सावकाश चढू लागली. दगड, चर, ओढ्यातलं पाणी, कशातच अडली नाही. खोटं कशाला बोलू, मजा येत होती. मग ते वळण आलं. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आणि मधे गाडीपुरती वाट. नवरा खाली उतरला. काटे बघितले, दरवाजा बघितला, परत काटे बघितले.

"घासणार," तो म्हणाला. "पुढच्या वेळी कोयता घेऊन येऊ."

देवीसाठी काढलेली ओटी घरी परत कशी न्यायची? आईने ती मला करवंदीखाली ठेवायला लावली. मी रागाने गाडीचं दार आपटलं, आणि ती मात्र जावयाची समजूत काढत होती. "ऱ्हाऊ द्या जावईबापू, गाडी नवी हाय."

दुसऱ्यांदा कोयता होता, पण जून जाळ्यांपुढे तो फारसा चालेना. शिवाय दरवाजांवर चिकटवायला प्लास्टिकची फिल्मही होती. तासभर तो ती चिकटवत बसला, आई उन्हात गाडीत. पहिल्याच काट्याने फिल्म टराटरा फाटली आणि नवऱ्याचा चेहरा पांढरा पडला. परत रिव्हर्स. परत ओटी करवंदीखाली. पुढच्याच महिन्यात हा मित्रांबरोबर मोकळ्या माळावर गाडी उडवून आला आणि त्याचे व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. माळावर काटे नव्हते ना!

त्यानंतर "जाऊ गं, जाऊ" करत दोन पावसाळे गेले. आई भिंत धरून चालायला लागली. मग मी एका रविवारी सकाळीच किल्ली घेतली आणि स्टिअरिंगवर बसले. तो शेजारी बसला. वळण आलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, "काच वर घ्या." करवंदी दोन्ही बाजूंनी करकरत गेली. त्याने डोळे मिटून घेतले. मला त्या आवाजाने बरं वाटलं.

पठारावर पोचलो. गाडी थांबते तिथून कपारीपर्यंत ओबडधोबड पायऱ्या उतरायच्या. आईने दार उघडलं, पाय खाली टेकला, आणि परत वर घेतला. मी तिला धरून उभं केलं, तर दोघीही पडता पडता वाचलो. नवरा पुढे झाला. "आई, मी उचलून नेतो."

आईने त्याला हात जोडले. "जावयाच्या हातावर बसून देवीम्होरं जाऊ व्हय? न्हाई बापू, न्हाई." तिने ओटी माझ्या हातात दिली. "तूच भर. मी हितनं हात जोडते." तिथून तिला नुसता खडक दिसत होता.

मी आणि तो वाकून आत गेलो. मी ओटी भरली, त्याने नारळ फोडला. दोन वर्षांपूर्वी ती स्वतःच्या पायांनी इथे आली असती, असं मी त्या कपारीत मोठ्याने म्हटलं.

पुढच्या रविवारी तो सकाळपासून पार्किंगमध्ये होता, पॉलिशची डबी आणि फडकं घेऊन. दुपारी मला हाक मारून खाली बोलावलं. "बघ, कुठे काही दिसतंय का?"

खरंच काही दिसत नव्हतं. दरवाजा अगदी कोरा.

"आता वर जा," मी म्हटलं. "आई सकाळपासून विचारतेय, देवीचे चांदीचे डोळे अजून तसेच आहेत का. तुम्ही आत जाऊन आलात. तुम्हीच सांगा तिला."