न मागितलेला निरोप

अरुंद, डुगडुगती कयाक वल्हवत ताईंनी अर्धं आयुष्य वेगाच्या शर्यतींत घालवलं होतं. क्लबने त्यांना न विचारताच त्यांचा निरोप समारंभ ठेवला. निवड चाचणी तोंडावर आली होती आणि पस्तिशीच्या ताईंनी तीत उतरू नये, अशी सेक्रेटरींची इच्छा होती.

सराव आटोपून ताई ओल्या कपड्यांनिशी, खांद्यावर होडी घेऊन आल्या, तर बोटघरात खुर्च्या मांडलेल्या आणि सेक्रेटरी त्यांचे गोडवे गात असलेले.

"साहेब, भाषण झकास आहे," ताई म्हणाल्या, "पण मी अजून जिवंत आहे हो!"

हशा पिकला. सेक्रेटरी ओशाळले. "ताई, मानाने बाजूला व्हा. उद्या पोरींनी हरवलं तर शोभा होईल."

"हरवू देत की! पण पाण्यात हरवू देत, खुर्चीत बसवून नाही."

मागच्या रांगेतून नवरा म्हणाला, "मी बजावलं होतं, गुच्छाचा खर्च वाया जाईल म्हणून."

ताईंनी होडी खाली ठेवली नाही. "चाचणीत माझी लेन कितवी, तेवढं सांगा."

सेक्रेटरींनी भाषणाची घडी करून ती खिशात घातली. "पाचवी," ते पुटपुटले.